ब्रसेल्सची अंतिम फेरी की स्पाची शर्यत? बेल्जियममधील दोन ग्रां प्रि, प्रेक्षकाच्या जागेवरून

उन्हाळ्यात बेल्जियमला येणारे आप्त आणि परिचित मला हटकून एक प्रश्न विचारतात. खेळ पाहण्यासाठी एकाच तिकिटाचे पैसे बाजूला काढता येणार असतील, तर ते स्पा-फ्रँकोरशाँच्या फॉर्म्युला वन शर्यतीवर खर्च करावेत, की ब्रसेल्समध्ये होणाऱ्या, डायमंड लीग या ॲथलेटिक्स मालिकेतील मैदानी स्पर्धेवर? प्रश्न रास्त आहे, कारण दोन्ही स्पर्धा ग्रां प्रि परंपरेतल्याच आहेत. पहिली १९०६ साली ल माँ येथे भरलेल्या फ्रेंच ग्रां प्रिपासून चालत आलेल्या मोटार शर्यतींची वारस आहे, तर दुसरी जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने १९८५ साली सुरू केलेल्या ग्रां प्रि मालिकेची. २०२४ च्या हंगामात या दोन्ही स्पर्धा मी प्रेक्षकांत बसून पाहिल्या, आणि त्यांवरून माझे मत पुरेसे पक्के झाले आहे. तिकिटाच्या पैशांत प्रत्यक्ष पाहायला मिळणारी लढत ब्रसेल्समध्ये कितीतरी अधिक आहे. मात्र हंगामभर चालणारी मालिका म्हणून फॉर्म्युला वनची मांडणी अधिक चोख आहे, आणि डायमंड लीगने आपल्यातली ही उणीव इतक्या वर्षांत भरून काढलेली नाही.

आधी स्पाविषयी. आर्देनच्या डोंगराळ जंगलातून वळणे घेत जाणारा हा ७.००४ किलोमीटरचा मार्ग सध्याच्या फॉर्म्युला वन वेळापत्रकातील सर्वांत लांब मार्ग आहे. शर्यत ४४ फेऱ्यांची असते. याचा प्रेक्षकाच्या दृष्टीने अर्थ असा, की आपण ज्या जागी उभे असतो तिथून प्रत्येक गाडी साधारण दोन मिनिटांतून एकदा, आणि तीही काही क्षणच दिसते. ला सूर्स या केसाच्या आकड्यासारख्या वळणावरून उतरून ओ रूजच्या तळाला पोहोचलेल्या गाड्या रेदियोंच्या चढावर ज्या वेगाने वर येतात, तो वेग दूरचित्रवाणीच्या पडद्यावर कधीच कळत नाही. कॅमेरा चढ सपाट करून टाकतो, आणि गाडीचा तळ रस्त्याला घासून उडणाऱ्या ठिणग्यांचा आवाज पडद्यावर येत नाही. शुक्रवारच्या सरावाला या चढाच्या बाजूला उभे राहून, कोणता चालक वेगाचे पेडल दाबलेले ठेवतो आणि कोण किंचित कचरतो हे केवळ इंजिनच्या आवाजावरून ओळखता येऊ लागते, आणि माझ्या मते स्पाच्या तिकिटाचे खरे मोल त्या एका तासातच वसूल होते.

रविवारच्या शर्यतीचे मात्र तसे नाही. शर्यत हा डावपेचांचा खेळ आहे आणि हे डावपेच जागेवरून दिसत नाहीत. कोणी टायर केव्हा बदलले, बदलून बाहेर आलेली गाडी कोणाच्या मागे अडकली, पुढच्या गाडीशी असलेले अंतर फेरीमागे किती दशांशांनी कमी होत आहे, हे सारे मोठ्या पडद्यावरून आणि निवेदकाच्या बोलण्यावरूनच समजून घ्यावे लागते. २८ जुलै २०२४ च्या शर्यतीत हे फार ठळकपणे जाणवले. सहाव्या स्थानावरून सुरुवात केलेल्या जॉर्ज रसेलने बहुतेकांनी दोनदा टायर बदलले असताना एकदाच बदलून शर्यत काढण्याचे ठरवले, आणि अखेरच्या फेऱ्यांत ताज्या टायरवर मागून चढत आलेल्या लुईस हॅमिल्टनला जेमतेम अर्ध्या सेकंदाने रोखून धरले. त्या हंगामातील ही एक अत्यंत धाडसी चाल होती, पण टेकडीवर उभ्या असलेल्या आम्हा लोकांना तिचा अर्थ लागला तो पडद्यावरील आकड्यांमधूनच. शिवाय शर्यत संपून काही तासांनी रसेलची गाडी इंधन काढल्यावर किमान ७९८ किलो वजनापेक्षा दीड किलोने हलकी भरली, त्याला बाद ठरवण्यात आले आणि विजय हॅमिल्टनकडे गेला. तोपर्यंत बहुसंख्य प्रेक्षक परतीच्या रस्त्याला लागले होते. ज्याला विजेता म्हणून टाळ्या दिल्या तो विजेता नव्हता, हे त्यांना गाडीत किंवा घरी पोहोचल्यावर कळले. नियम नियमाच्या जागी योग्यच आहे, परंतु तिकीट काढून आलेल्या माणसाने काय पाहिले असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर देणे अवघड जाते.

पावसाबद्दल सांगितलेच पाहिजे. मार्ग इतका लांब आहे की एका टोकाला सर कोसळत असताना दुसऱ्या टोकाला रस्ता कोरडा असू शकतो, आणि हाच या शर्यतीचा थरार असल्याचे जाणकार मानतात. मात्र २९ ऑगस्ट २०२१ रोजी काय घडले तेही विसरता येत नाही. तासन् तास पावसात भिजत थांबलेल्या प्रेक्षकांना सेफ्टी कारच्या, म्हणजे धोक्याच्या वेळी सगळ्यांना संथ ठेवणाऱ्या पुढच्या गाडीच्या, मागून निघालेल्या मोजक्या फेऱ्या पाहायला मिळाल्या, एकही गाडी दुसरीच्या पुढे गेली नाही, आणि तरीही निकाल जाहीर करून अर्धे गुण वाटण्यात आले. मॅक्स व्हर्स्टापेनला साडेबारा आणि हॅमिल्टनला साडेसात. त्यानंतर अपुऱ्या शर्यतीच्या गुणांचे नियम बदलण्यात आले, यावरून मूळ नियमात खोट होती हे आयोजकांनाही पटले असावे.

तरीही त्याच अर्ध्या गुणांमध्ये फॉर्म्युला वनच्या मालिकेचे सामर्थ्य दिसते. त्या वर्षीच्या अखेरच्या शर्यतीसाठी अबू धाबीला पोहोचताना व्हर्स्टापेन आणि हॅमिल्टन यांचे गुण नेमके सारखे, प्रत्येकी ३६९.५ होते. त्यातला तो अर्धा गुण स्पाच्या पावसाने दिलेला होता. मार्चमधली शर्यत आणि डिसेंबरमधली शर्यत एकाच तराजूत तोलली जाते, विजेत्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५ असे दहाव्या क्रमांकाच्या एका गुणापर्यंत हिशेब चालतो, सर्व संघांच्या गाड्या प्रत्येक शर्यतीला हजर असतात, आणि म्हणून २०२४ मधल्या २४ शर्यतींपैकी चौदावी असलेली बेल्जियमची शर्यत पाहताना ती कुठल्या गोष्टीचे कितवे प्रकरण आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. गुणतक्ता समोर ठेवून शर्यत पाहण्याची ही मजा मी कमी लेखत नाही.

आता ब्रसेल्सकडे वळतो, कारण सांगण्यासारखे खरे तर तिथेच आहे.

या स्पर्धेचे जुने नाव मेमोरियल व्हान दाम. इव्हो व्हान दाम हा बेल्जियमचा धावपटू. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये ८०० आणि १५०० मीटर अशा दोन्ही शर्यतींत त्याने रौप्यपदक मिळवले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर फ्रान्समध्ये मोटार अपघातात वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या स्मरणार्थ बेल्जियमच्या क्रीडा पत्रकारांनी १९७७ पासून ही स्पर्धा भरवायला सुरुवात केली. ती आजही शहराच्या उत्तरेला, अटोमियम या प्रसिद्ध स्मारकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या किंग बोदुआँ स्टेडियमवर भरते. हेच पूर्वीचे हेसल मैदान, जिथे १९८५ च्या फुटबॉल सामन्याआधी ३९ प्रेक्षकांचा बळी गेला होता. त्यानंतर मैदानाची पुनर्बांधणी होऊन १९९५ मध्ये त्याला नवे नाव मिळाले. भुयारी रेल्वेच्या सहा क्रमांकाच्या मार्गावर हेसल किंवा बोदुआँ स्थानकाला उतरले की मैदान समोरच येते. स्पाला पोहोचण्यासाठी जी आखणी करावी लागते, वाहनतळ, तिथून बस, बसपासून चिखलातून चाल, तिच्यापुढे हे सुख फार मोठे आहे. लहान मुले आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर एवढ्या एका कारणासाठीही ब्रसेल्स निवडावे.

या मैदानावर धावल्या गेलेल्या काही शर्यती इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. केनेनिसा बेकेलेने १०,००० मीटरचा २६ मिनिटे १७.५३ सेकंदांचा विश्वविक्रम २००५ मध्ये इथेच केला. योहान ब्लेक २०११ मध्ये २०० मीटर १९.२६ सेकंदांत इथेच धावला. आणि २०२० मध्ये प्रेक्षकांविना भरलेल्या स्पर्धेत मो फाराने एका तासात २१,३३० मीटर अंतर कापून विश्वविक्रम नोंदवला तोही याच धावमार्गावर. २०२४ मध्ये संपूर्ण डायमंड लीगची अंतिम फेरी १३ आणि १४ सप्टेंबर अशी दोन दिवस ब्रसेल्सला होती, म्हणजे पुरुष आणि महिला मिळून सर्व ३२ प्रकारांचे विजेते इथे ठरणार होते.

मैदानी स्पर्धा प्रत्यक्ष पाहणे हे एक कौशल्य आहे आणि ते पहिल्या अर्ध्या तासात शिकावे लागते. एकाच वेळी तीन ठिकाणी काहीतरी चाललेले असते. धावमार्गावर पंधराशे मीटरची शर्यत, मधल्या हिरवळीवर भालाफेक, एका टोकाला पोल व्हॉल्ट. दूरचित्रवाणीवर दिग्दर्शक आपल्यासाठी निवड करतो आणि बहुतेक वेळा धावण्याच्या शर्यती दाखवून फेकीचे आणि उड्यांचे निकाल तुकड्यातुकड्यांनी सांगतो. मैदानात ही निवड आपली असते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावमार्गाच्या आतल्या कडेने पळणारे दिवे ठरवलेल्या गतीने पुढे सरकत असतात, त्यामुळे विक्रमाच्या किंवा ठरलेल्या वेळेच्या तुलनेत धावपटू पुढे आहे की मागे हे शेवटच्या रांगेतल्या मुलालाही समजते. आकडे पाहण्यासाठी पडद्याकडे वळावे लागत नाही. प्रेक्षकाचा विचार करून केलेली इतकी साधी आणि इतकी उपयुक्त सुधारणा मी दुसऱ्या कोणत्याही खेळात पाहिलेली नाही. आर्मांड डुप्लांटिसने ६.११ मीटर उडी घेतली तेव्हा मैदानातला प्रत्येक माणूस एकाच टोकाकडे पाहत होता, पण त्याआधीच्या तासाभरात ज्यांनी त्याच्या धावेतील पावलांची लय, पोल रोवण्याआधी त्याचे खाली येणारे टोक आणि इतरांचे हुकलेले प्रयत्न पाहून ठेवले होते, त्यांनाच त्या उडीची सहजता किती असामान्य आहे हे कळले.

मी जागा निवडली होती ती ३००० मीटर स्टीपलचेसच्या पाण्याच्या अडथळ्यावर नजर राहील अशी, आणि त्याचे कारण मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे त्या फेरीत धावणार होता. १३ सप्टेंबर हा योगायोगाने त्याचा तिसावा वाढदिवस. या शर्यतीत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी असते. पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर उंचीचे हे लाकडी अडथळे वजनाने ८० ते १०० किलो असतात. साध्या अडथळ्यांच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो आणि धावपटू पुढे जातो, इथे अडथळा जागचा हलत नाही आणि धावपटू पडतो. पाण्याच्या अडथळ्यावर एक पाय ठेवून पुढे झेप घ्यायची आणि ३.६६ मीटर लांबीच्या खड्ड्यात शक्य तितके पुढे, उथळ पाण्यात उतरायचे. जो जितका कमी भिजतो, तो तितका कमी दमतो. दूरचित्रवाणीवर ही उडी गमतीची वाटते. जवळून पाहिल्यावर लक्षात येते की अडथळ्याआधीच्या दहा-बारा पावलांत सगळे धावपटू एकमेकांच्या कोपरांना कोपर लावून जागा शोधत असतात, कारण समोरच्याच्या पाठीमुळे अडथळा दिसत नसेल तर पाय कुठे टेकवायचा हे अंदाजाने ठरवावे लागते. खिळ्यांच्या बुटांचा लाकडावर उमटणारा ठोका, लगेच पाण्याचा सपकारा, आणि मग ओल्या बुटांनी पुन्हा गती पकडताना श्वासाचा आवाज, हे सगळे पहिल्या काही रांगांत स्पष्ट ऐकू येते.

साबळे त्या दिवशी ८ मिनिटे १७.०९ सेकंदांत नववा आला. केनियाच्या अमोस सेरेमने ८ मिनिटे ०६.९० सेकंदांची वेळ देऊन दोन वेळचा ऑलिम्पिक विजेता सुफियान अल बक्काली याला मागे टाकले. निकाल म्हणून नववे स्थान मोठे नाही, हे मान्य. पण त्याच हंगामात ७ जुलैला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये साबळे ८ मिनिटे ०९.९१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून सहावा आला होता, आणि ऑगस्टमध्ये ऑलिम्पिकच्या या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला होता. त्याआधी २०१६ मध्ये रिओला महिलांच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची. पावसाची वाट पाहणाऱ्या या दोन तालुक्यांतून पाण्याच्या अडथळ्याच्या शर्यतीत जगाच्या अंतिम फेरीपर्यंत माणसे पोहोचली आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि हंगामाच्या शेवटच्या फेरीत आपल्या भागातला माणूस सुरुवातीच्या रेषेवर उभा असलेला पाहणे हा अनुभव मला स्पाने कधीही दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशीची भालाफेक ही मात्र निकालाच्या दृष्टीनेही या अंतिम फेरीतली सर्वांत चुरशीची ठरली. ग्रेनाडाच्या अँडरसन पीटर्सने पहिल्याच प्रयत्नात ८७.८७ मीटर फेक केली आणि मग सहा फेऱ्यांचा सारा खेळ त्या एका आकड्याभोवती फिरत राहिला. नीरज चोप्राची पहिली फेक ८६.८२, तिसरी ८७.८६. एका सेंटिमीटरचा फरक. तिसऱ्या फेकीनंतर पडद्यावर आकडा उमटेपर्यंतचे काही सेकंद आमच्या भागात बसलेल्या भारतीयांनी श्वास रोखून काढले, आणि आकडा दिसल्यावर जो सुस्कारा उमटला तो बेल्जियमच्या प्रेक्षकांनाही समजला. उरलेल्या तीन प्रयत्नांत तो सेंटिमीटर भरून निघाला नाही. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटामागचे हाड मोडलेले असताना आपण फेक करत होतो, हे नीरजने स्पर्धा संपल्यावर सांगितले. त्याची धाव, डावा पाय रोवून शरीराला एकदम रोखणे, आणि फेक सुटल्यानंतर तोल जाऊन दोन्ही हातांवर खाली येणे ही त्याची नेहमीची पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या दुखापतीचा अर्थ सांगावा लागणार नाही.

इथपर्यंत सारी स्तुतीच झाली, आणि ती मी पूर्ण विचाराने केली आहे. आता तक्रार, जी ब्रसेल्सच्या आयोजनाविषयी नसून मालिकेच्या रचनेविषयी आहे.

साबळे अंतिम फेरीत आला तो हंगामात मिळवलेल्या तीन गुणांवर. पॅरिसच्या सहाव्या क्रमांकाचे तेवढेच गुण होते, गुणतक्त्यात तो चौदावा होता, आणि त्याच्या वरच्या काही जणांनी दुखापत किंवा अन्य कारणांनी माघार घेतल्यामुळे त्याला जागा मिळाली. त्याच्यासाठी आनंद आहेच. पण चौदाव्या क्रमांकाचा धावपटू ज्या फेरीत पोहोचतो आणि तिथे जिंकला असता तर हंगामाचा विजेताही ठरला असता, त्या फेरीआधीच्या सगळ्या स्पर्धांना काय अर्थ उरतो? डायमंड लीगमध्ये प्रत्येक स्पर्धेत पहिल्याला आठ, दुसऱ्याला सात असे आठव्यापर्यंत गुण मिळतात, पण ते फक्त अंतिम फेरीचे दार उघडण्यापुरते. अंतिम फेरीत सगळ्यांची पाटी पुन्हा कोरी होते. २०२४ मध्ये भालाफेकीत पीटर्स २९ गुणांसह पहिला आणि नीरज १४ गुणांसह चौथा होता; अंतिम फेरीत एका सेंटिमीटरने निकाल उलटा लागला असता तर ते १५ गुणांचे अंतर कुणाच्या लक्षातही राहिले नसते. मी हे केवळ नीरज हरला म्हणून लिहीत नाही. २०२२ मध्ये याकूब वाडलेच गुणतक्त्यात अव्वल आणि नीरज चौथा होता, आणि झुरिचच्या अंतिम फेरीत ८८.४४ मीटर फेक करून नीरज हंगामाचा विजेता झाला. तेव्हा आपण सर्वांनी आनंद साजरा केला, पण रचनेतला दोष तेव्हाही तोच होता.

दुसरी उणीव अशी, की प्रत्येक प्रकार प्रत्येक ठिकाणी होत नाही. २०२४ मध्ये अंतिम फेरीपूर्वी शियामेनपासून झुरिचपर्यंत १४ स्पर्धा झाल्या, पण पुरुषांची भालाफेक त्यांपैकी दोहा, पॅरिस, लोझान आणि झुरिच अशा चारच ठिकाणी होती. चार स्पर्धांतून, त्यातही प्रमुख खेळाडू दोन-तीनच ठिकाणी येत असताना, हंगामाची गोष्ट उभी राहत नाही. हातोडाफेक आणि १०,००० मीटर यांना तर या ३२ प्रकारांत स्थानच नाही.

पूर्वी हे असे नव्हते, म्हणून अधिक वाईट वाटते. १९८५ च्या मूळ ग्रां प्रिमध्ये हंगामभराचे गुण जमा होत आणि शेवटच्या फेरीत त्यात भर पडे. १९९८ मध्ये आलेल्या गोल्डन लीगची अट आणखी कडक होती: मालिकेतील आपल्या प्रकाराच्या सर्व शर्यती जिंका आणि दहा लाख डॉलर्सच्या बक्षिसाचे मानकरी व्हा. त्यामुळे हंगाम पुढे सरकत जाई तसतशी दावेदारांची संख्या घटत जाई, आणि मैदानात आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असे की आज कोण कशासाठी धावत आहे. २००८ ची शेवटची फेरी याच ब्रसेल्सच्या मैदानावर झाली. दोन महिला खेळाडू शर्यतीत उरल्या होत्या, केनियाची ८०० मीटर धावपटू पामेला जेलिमो आणि क्रोएशियाची उंच उडीपटू ब्लांका व्लासिच. व्लासिचला त्या संध्याकाळी आरियाने फ्रीडरिशने कमी चुकांच्या निकषावर मागे टाकले, जेलिमो जिंकली, आणि सगळी रक्कम एकटीच्या हाती आली. संपूर्ण हंगाम एका संध्याकाळी येऊन थांबतो तो असा. २०१० मध्ये डायमंड लीग सुरू झाली तेव्हा निदान गुण जमा होत असत आणि अंतिम फेरीला दुप्पट गुण मिळत. २०१७ पासून तेही गेले. माझे आग्रहाचे म्हणणे आहे की अंतिम फेरीला मोठे वजन द्यावे, पण हंगामाचे गुण पुसून टाकू नयेत. सध्याचे नियम चुरस वाढवण्यासाठी केले गेले आणि एका संध्याकाळची चुरस त्यांनी वाढवलीही, परंतु तिची किंमत आधीच्या चार महिन्यांनी मोजली.

प्रेक्षकांच्या नावाने केलेला प्रत्येक बदल प्रेक्षकांच्या हिताचा असतोच असे नाही, याचे मोठे उदाहरण २०१९ चे आहे. प्रसारणाची वेळ दीड तासावर आणण्यासाठी २०० मीटर, तिहेरी उडी, थाळीफेक आणि ३००० मीटर स्टीपलचेस हे प्रकार डायमंड लीगच्या अंतिम यादीतून वगळण्याचा निर्णय तेव्हा जाहीर झाला होता. महामारीने २०२० चे वेळापत्रक विस्कटले, आणि २०२१ मध्ये ३२ प्रकार पूर्ववत झाले. तो निर्णय टिकला असता तर साबळेसारख्या धावपटूला युरोपातल्या सर्वोत्तम शर्यतींचे हे दार बंदच राहिले असते. घटत्या वेळेच्या दबावाखाली फेकीचे आणि दमाचे प्रकार नेहमी पहिले बळी ठरतात, आणि नेमके तेच प्रकार मैदानात बसून पाहताना सर्वांत जास्त आनंद देतात.

बक्षिसांच्या बाबतीतही दोन मालिकांची तुलना होऊ शकत नाही. २०२४ च्या अंतिम फेरीत विजेत्याला ३०,००० डॉलर आणि दुसऱ्याला १२,००० डॉलर होते. म्हणजे त्या एका सेंटिमीटरची किंमत १८,००० डॉलर. पुढच्या हंगामापासून रकमा वाढवण्यात आल्या ही चांगली गोष्ट आहे.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी काही सूचना. ब्रसेल्सचे तिकीट स्पाच्या तिकिटापेक्षा कित्येक पटींनी स्वस्त असते, म्हणून तिथे काटकसर करून वरच्या रांगा घेण्याऐवजी शक्य तितक्या खालच्या रांगा घ्याव्यात. शेवटच्या सरळ मार्गासमोरच्या जागा सर्वांत महाग असतात, त्या शंभर मीटरच्या शर्यतीसाठी योग्य आहेत. परंतु भालाफेक किंवा स्टीपलचेस पाहायची असेल तर मैदानाचा नकाशा आधी पाहून, भाल्याची धाव कोणत्या टोकाकडून आणि पाण्याचा अडथळा कोणत्या वळणावर आहे हे समजून घेऊन त्या बाजूच्या जागा निवडाव्यात. तिकिटे आयोजकांकडूनच घ्यावीत. माझ्या एका परिचितांनी मध्यस्थ संकेतस्थळावरून घेतलेल्या तिकिटावरची रांग आणि प्रत्यक्षात मिळालेली रांग यांचा मेळ नव्हता, आणि पैसे परत मिळवण्यासाठी त्यांना बराच पत्रव्यवहार करावा लागला. सप्टेंबरच्या संध्याकाळी तिथे चांगलाच गारठा असतो, तेव्हा स्वेटर आणि जाड मोजे हवेतच. फेकीच्या काही स्पर्धा मुख्य कार्यक्रमाच्या आधीच सुरू होतात, म्हणून वेळापत्रक पाहून लवकर पोहोचावे. स्पाला जायचेच असेल तर पावसाळी कपडे आणि चिखलात चालतील असे बूट घेऊन जावे, मोकळ्या जागेचे तिकीट असेल तर पडदा दिसेल असा उतार सकाळीच गाठावा, आणि शुक्रवारचा सराव चुकवू नये.

अंतिम फेरीचे यजमानपद दरवर्षी ब्रसेल्सकडे नसते. २०२५ मध्ये ती झुरिचला झाली. ज्या वर्षी ती दुसरीकडे असेल त्या वर्षीही व्हान दाम स्मृती स्पर्धा भरतेच, फक्त सगळे ३२ प्रकार नसतात, म्हणून आपल्याला पाहायचा प्रकार त्या वर्षीच्या यादीत आहे याची खात्री करूनच विमानाची तारीख ठरवावी.